लग्नसराई संपल्यावर

सात रस्त्याजवळच्या एका बोळात वैजयंतीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक छोटा गाळा, दर्शनी बाजूला नवरानवरीचा बोर्ड आणि त्याखाली लाल अक्षरांत 'लेडीज शूटिंगची खास सोय'. ही खास सोय म्हणजे स्वतः वैजयंती. हळद असो, बांगड्या भरणं असो की चार तांब्यांभोवती सूत गुंडाळून घालतात ते सुरगीचं न्हाण, जिथं पुरुष कॅमेरामनला दारातच अडवतात तिथं ती कॅमेरा घेऊन सरळ आत जाते. बायकाही तिला घरातलीच समजतात आणि "अगं, तो पाट जरा सरकव की" असं कामही सांगतात. ती एका हातानं पाट सरकवते आणि दुसऱ्या हातातला कॅमेरा हलू देत नाही.

तिची एक हातोटी सोलापुरातल्या बऱ्याच मंगल कार्यालयांना ठाऊक आहे. कॅमेरा समोर आला की बायका एकतर तोंडाला पदर लावतात, नाहीतर शाळेत फोटो काढताना उभ्या राहतात तशा ताठ उभ्या राहतात. मग वैजयंती म्हणते, "नाव घ्या की!" झालं. सकाळपासून जिनं तोंड उघडलेलं नसतं तीही शेजारणीला कोपरानं ढोसत, लाजत, आठवत नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते. बाकीच्या हसतात, टाळ्या पडतात, आणि मेलेल्या व्हिडिओत जीव येतो. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलंय की ती ते ठरवून म्हणत नाही. बटण दाबलं की आपोआप निघतं.

तिनं स्वतः मात्र कुणाचं नाव घेऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा पुण्यात दुसरा संसार थाटून मोकळा झाला. फारकत नाही, भांडण नाही, फोन नाही. वैजयंती माहेरी आली तेव्हा आई होती. आई गेल्यावर घर धाकट्या भावाचं, विरेशचं झालं आणि ती वरच्या गच्चीवरच्या खोलीत राहू लागली. लग्नाच्या ऑर्डरीला जाताना ती मंगळसूत्र घालायची, कारण मांडवात बायका आधी गळा बघतात आणि मग कॅमेरा. घरी आली की खुंटीला अडकवायची. "हे घर तुझंच आहे अक्का," असं विरेश अधूनमधून म्हणायचा. जे घर खरंच आपलं असतं त्याबद्दल कुणाला असं सांगावं लागत नाही. पण हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं काय केलं असतं म्हणा.

विरेश वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बरंचसं मंद्रूपकडचं, म्हणजे सासुरवाडीच्या ओळखीतलं. सासरे गुरुलिंगअण्णा गावात मानाचे. बायको काव्या शांत, कामाला वाघीण. सृष्टी ही शाळकरी मुलगी. वैजयंतीचं आणि काव्याचं नणंद-भावजयीला शोभणार नाही इतकं चांगलं होतं. संध्याकाळचा चहा काव्या स्वतः वर घेऊन यायची आणि वैजयंतीच्या मागं उभी राहून लग्नांचे व्हिडिओ बघायची.

तर, वैजयंतीचं बरंच आयुष्य तिच्याच समाजाच्या ज्या मंगल कार्यालयात गेलं, त्याच्या मागच्या अंगाला भांडी घासायची मोरी आहे. मोठमोठी पातेली, कढया, पराती. शूटिंगवाल्यांना पंक्ती उठल्यावर शेवटी जेवायला मिळतं, आणि त्या वेळेला मोरीवरच्या बायकाही जेवत असतात. त्यामुळं वैजयंतीची त्यांच्याशी ओळख होती. ओळख म्हणजे "जेवला का?", "आज लई गर्दी होती की," इतपत. सुंदरम्मा होती. मूळची विणकरांच्या घरातली, तोंडानं फटकळ, मराठी बोलता बोलता रागावली की तेलुगूत शिरणारी. आणि गुरम्मा होती. साठीची, सडपातळ, कमी बोलणारी. या बायका राहतात कुठं, हा प्रश्न वैजयंतीला कधी पडलाच नाही. कुणालाच पडत नाही. घासलेली भांडी दिसली की माणसाचं काम भागतं.

एका वर्षी आषाढात मुहूर्त संपले. वैजयंती स्कूटीवरून जुन्या बंद गिरणीच्या कडेनं चालली होती. भिंतीला लागून फ्लेक्सची छपरं बांधलेली होती. त्यातल्या एका फ्लेक्सवर तिच्या ओळखीचे नवरानवरी उलटे लटकत होते. वैशाखात तिनंच त्यांचं शूटिंग केलेलं. तिला हसू आलं आणि तिनं स्कूटी थांबवली. फ्लेक्सखाली सुंदरम्मा बसली होती.

"इथं काय करताय?" वैजयंतीनं विचारलं.

"काय करतो म्हंजी? ऱ्हातो," सुंदरम्मा म्हणाली.

तेव्हा सगळं कळलं. सराई असली की या बायका कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात झोपतात. पहाटेपासून काम असतं, म्हणून मॅनेजर झोपू देतो. मुहूर्त संपले की गेटला कुलूप लागतं. मग भिंत, फ्लेक्स आणि तुळशीच्या लग्नाची वाट. वैजयंतीचा धंदाही मुहूर्त संपले की बंद पडायचा, पण तिला फक्त काम नसायचं. यांना काम आणि जागा दोन्ही एकदमच नसायची. ती उगीचच फ्लेक्सची दोरी घट्ट आहे का ते बघत बसली.

"आता आलीस तर आमचं बी काढ की शूटिंग," सुंदरम्मा म्हणाली. "येवढी लग्नं काढतीस. आमी काय फुकटच्या?"

ती चेष्टेत म्हणाली असेल. वैजयंती दुसऱ्या दिवशी खरंच कॅमेरा घेऊन गेली.

पुढं पावसाळाभर ती जात राहिली. विषय काय, हेतू काय, असं काही तिच्या मनात नव्हतं. फोटोग्राफर असोसिएशनचा दर वर्षी एक कार्यक्रम असतो, त्यात सभासद लग्नाव्यतिरिक्त काढलेलं काम दाखवतात. तिथं बहुतेक जण उजनी धरणावरचे पक्षी दाखवतात. आपण या बायका दाखवू, एवढंच तिनं ठरवलं. पण लग्नाच्या शूटिंगची सवय कुठं जाते? पहिल्या दिवशी तिनं चुलीवरच्या भाताचा शॉट असा घेतला की जणू रुखवताचं ताट. सुंदरम्मा पातेल्यात पाणी ओतताना तिनं "थोडं हसा" म्हटलं. सुंदरम्मानं तिच्याकडं असं बघितलं की परत ती कुणाला हसा म्हणाली नाही.

गुरम्मा मात्र कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार नव्हती. एकदा सकाळी वैजयंती लवकर पोचली तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं गळ्यातली कापडाची गाठ सोडली, आतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं, तांब्यातलं पाणी घातलं, भस्म लावलं आणि डोळे मिटले. वैजयंतीची आई रोज अशीच पूजा करायची, तसाच हात धरून. वैजयंतीनं कॅमेरा खाली घेतला. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण इतके दिवस तिच्या मनात कुठंतरी असं होतं की या बायका दुसऱ्या कुणाच्या आहेत.

"तुमी आपल्यातल्या का मावशी?" तिनं विचारलं.

"आपल्यातलं म्हंजी काय?" गुरम्मा गाठ बांधत म्हणाली. मग जवळच्या पोत्यावर हात मारून म्हणाली, "बा, कुंद्रु." ये, बस. कन्नडचे हे दोन शब्द वैजयंतीनं आई गेल्यापासून ऐकले नव्हते. ती पोत्यावर बसली.

त्या दिवसापासून गुरम्मा बोलू लागली, तेही हात कामात असले तरच. नवरा वारला, मूलबाळ नाही. शेती, घर सगळं दिराकडं गेलं. "मला कुनी हाकललं न्हाई, खोटं कशाला सांगू," ती तांदूळ निवडत म्हणाली. "निस्तं ताट वाढायचं ऱ्हायलं. म्हंजी सगळ्यांची ताटं मांडायची, माझं ऱ्हायचं. इसरलो म्हनायचे. रोज इसरायला लागल्यावर मानसानं काय समजायचं?" ती बहिणीच्या लेकाकडं गेली, तिथंही टिकली नाही, मग सोलापूर. दिराचं नाव, गावाचं नाव तिनं घेतलं नाही आणि वैजयंतीनं विचारलं नाही. माणसाच्या अब्रूचं एवढं भान तिला होतं.

आणि तरी चूक झाली. श्रावणातली दुपार होती. सुंदरम्मानं कुठूनशी मेंदी आणली होती आणि सगळ्या जणी हात पुढं करून बसल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं, हशा झाला. वैजयंतीनं कॅमेरा फिरवला. गुरम्मा मेंदी न लावता नुसती बघत बसली होती. तिचा चेहरा चौकटीत छान बसला आणि वैजयंतीच्या तोंडून निघून गेलं, "नाव घ्या की!"

विधवा बाईला कुणी नाव घ्यायला सांगत नाही. लहान पोरीलाही हे शिकवावं लागत नाही. वैजयंतीनं जीभ चावली, पण कॅमेरा बंद करायला हात उठेना. गुरम्मानं सुंदरम्माकडं बघितलं, मग भिंतीकडं. पदर नीट केला, घसा खाकरला, आणि नव्या नवरीसारखी मान एका बाजूला करून म्हणाली:

"मंद्रूपच्या येशीत चिंचांची जोडी,
सोमलिंगरावांच्या ताटाला शाळूच्या भाकरीची गोडी!"

सुंदरम्मानं मेंदीचे हात वर करून शीळ घातली. गुरम्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. इतक्या दिवसांत ती हसताना वैजयंतीनं पहिल्यांदाच बघितली. एक दात पडलेला होता, तो लपवायचंही तिला सुचलं नाही.

मंद्रूप ऐकून वैजयंतीच्या मनात एकदा काव्याचं माहेर येऊन गेलं. पण मंद्रूप केवढं मोठं गाव, आणि त्यात सोमलिंग नावाची माणसं किती. तिनं तो विचार तिथंच सोडला.

भाद्रपदात ती वरच्या खोलीत लॅपटॉपवर फिल्म जुळवत बसली होती. काव्या चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी मागं उभी राहिली. मेंदीचा भाग आला. उखाणा संपायच्या आधीच काव्यानं तो पुढं म्हटला. शेवटची ओळ, गुरम्माच्या बरोबरीनं. मग तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"अक्का, परत लावा," ती म्हणाली.

वैजयंतीनं परत लावलं.

"ही आमची दोड्डव्वा आहे." दोड्डव्वा म्हणजे थोरली चुलती. काव्याच्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. "माझ्या हळदीतबी तिनं हाच घेतला होता; तुम्ही तिथं नव्हता, आणि लग्नाच्या गर्दीत ती तुमच्या काय ध्यानात राहणार. काका होते तेव्हा. ती चिंचांची जोडी आमच्या दारापुढचीच." ती खाली बसली. "ती श्रीशैलला आहे म्हणून सांगितलं होतं आम्हाला. तिथंच सेवेला राहिली, देवाजवळ, असं. आम्ही सगळ्यांना तेच सांगतो."

"तू कधी विचारलं नाहीस? फोनबिन?"

"विचारलं होतं. आमचे अप्पा म्हणाले, देवाच्या माणसाला सारखं मागं ओढू नये." काव्या रडत नव्हती. ती पडद्यावर थांबलेल्या गुरम्माच्या तोंडाकडं बघत होती. "माझी वेणी तीच घालायची. आईला वेळ नसायचा. अक्का, दात कधी पडला तिचा?"

मग काव्यानं हळूच विचारलं, "हे तेवढं काढता येईल का? तिला राहू द्या. तो उखाणा तेवढा. सिद्धारामसाठी स्थळ बघायचं चाललंय." सिद्धाराम तिचा धाकटा भाऊ. असं विचारल्याची तिला शरम वाटत होती हे उघड दिसत होतं, आणि तरी तिनं विचारलं.

रात्रीच्या जेवणापर्यंत विरेशला कळलं. काव्यानं सांगितलं असणार. नवऱ्यापासून काही लपवायची तिला सवय नव्हती. तो वर आला, खुर्चीत बसला, उठला, परत बसला.

"कार्यक्रम कुठं आहे? समाजाच्या कार्यालयात. हॉलमध्ये निम्मी माणसं आपली. मंद्रूपच्या वेशीतल्या चिंचा कुणाच्या दारात आहेत हे पोरासोराला माहीत आहे. उद्या गुरुलिंगअण्णांना तोंड दाखवायला जागा राहील का?"

"गुरम्माला राहायला जागा नाही, ते?"

"त्याचं मी बघतो. कुठंतरी आश्रमात वगैरे सोय करू. पण गुपचूप. अक्का, मी तुला आजवर कधी काही म्हटलं नाही. म्हटलं का? पण हे दाखवणार असशील तर मग माझ्या घरात राहून नको. वरची खोली रिकामी कर आणि मग काय दाखवायचं ते दाखव."

हे बोलून त्याचाच चेहरा उतरला. पण त्यानं शब्द मागं घेतले नाहीत. वैजयंतीनं वाद घातला नाही. 'हे घर तुझंच आहे' म्हणणारा हाच तो आवाज, असं तिच्या मनात आलं. पन्नाशीला आलेली नवऱ्यानं सोडलेली बाई. सोलापुरात तिला खोली भाड्यानं कोण देतं? "मालक कुठं असतात?" हा पहिला प्रश्न, आणि "आमच्याकडं फॅमिलीलाच देतो," हे त्यावरचं उत्तर. तिच्या ओळखीच्या दोघीतिघी त्यातून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीजवळ गेली आणि तिनं गुरम्माला सगळं सांगितलं, काही न गाळता. काव्या आपली भावजय, तिनं कसं ओळखलं, विरेश काय म्हणाला.

गुरम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पहिला प्रश्न विचारला, "उकान्यावरून वळीखलं?"

"हो."

"तोंडावरून न्हाई?"

"तुमच्या बरोबरीनं म्हटला तिनं."

गुरम्मा बराच वेळ हातातला चिमटा जमिनीवर आपटत राहिली. चेहऱ्यावर आनंद होता आणि तो तिला आवरत नव्हता. "लबाड कार्टी," ती म्हणाली. "वेनी घालून घ्यायला एका जागी बसायची न्हाई." मग एकदम सावरून म्हणाली, "ते काडून टाक बाई. तुजी खोली जाऊ नगं. खोली एकदा गेली का परत घावत न्हाई. मी सांगती तुला."

"खोलीचं सोडा. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"मला काय पायजे ह्ये कुनी इचारल्यालं न्हाई, तर मला लगीच कसं सांगता यील?" गुरम्मा म्हणाली. थोड्या वेळानं, निखारे झाकता झाकता, ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे वाटतं. लई वर्सांनी घेतलं त्यांचं नाव. पर तुज्यावर हाय."

तुझ्यावर आहे म्हटलं की माणूस सुटत नाही, जास्तच अडकतो. वैजयंतीनं त्या संध्याकाळी उखाणा कापला. कापून फिल्म सुरुवातीपासून बघितली. फिल्म चांगली होती. गुरम्मा भांडी घासते, गुरम्मा तांदूळ निवडते, गुरम्मा न वाढलेल्या ताटाबद्दल सांगते. बघणारा हळहळेल आणि घरी जाऊन जेवेल. त्यात गुरम्मा कुणाची नव्हती, कुठली नव्हती; ताट वाढायला विसरणारी माणसं कुठली होती हेही कुणाला कळणार नव्हतं. म्हणजे दिरानं जे घरात केलं तेच आपण पडद्यावर केलं, असं तिच्या लक्षात आलं. तिला स्वतःचा राग आला. तिनं उखाणा परत होता तिथं जोडला आणि मग बसून रडली, कारण आता खोली जाणार हे नक्की झालं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिनं आपलं सामान दुकानात नेलं. गादी, दोन बॅगा, गॅसची शेगडी, आईचा फोटो. विरेश दुकानाला निघून गेला होता. काव्यानं बॅगा खाली आणायला मदत केली. रिक्षात बसताना वैजयंतीनं फक्त म्हटलं, "तुझं नाव कुठं नाही त्यात."

दुपारी चारला हॉल बऱ्यापैकी भरला. आधी पक्षी झाले, मग गड-किल्ले झाले. भिंतीजवळच्या बायकांना वैजयंतीनं पहिल्या रांगेत बसवलं होतं. ज्या कार्यालयात त्यांनी आजवर फक्त मोरी बघितली तिथल्या मखमली खुर्च्यांवर त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या. मॅनेजर तात्याबा एकदा त्यांना उठवायला म्हणून आला, वैजयंतीचा चेहरा बघून परत गेला.

फिल्म सुरू झाली. ताटाची गोष्ट आली तेव्हा हॉलमध्ये शांतता होती. मग मेंदी आली आणि उखाणा आला, आणि अर्धा हॉल सवयीनं हसून टाळ्या वाजवू लागला, लग्नात वाजवतात तशाच. मग टाळ्या एकेक करून थांबल्या. मंद्रूपची चिंचांची जोडी ज्यांना ठाऊक होती त्यांनी शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, आणि ती कुजबुज मागच्या रांगांपर्यंत गेली. कुणीतरी उठून फोन लावत बाहेर गेलं. वैजयंती बाजूला उभी होती. आता जे व्हायचं ते झालं, असं वाटून तिला उलट हलकं वाटलं.

दिवे लागले तेव्हा तिला काव्या दिसली. कधी आली, कुठं बसली होती, कुणास ठाऊक. ती खुर्च्यांमधून वाट काढत पहिल्या रांगेपर्यंत आली आणि सगळ्यांच्या देखत गुरम्माच्या पाया पडली.

"दोड्डव्वा, घरी चल."

गुरम्मानं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला, नीट बघितला. "लठ्ठ झालीस," ती म्हणाली. मग विचारलं, "कुनाच्या घरी?"

"माझ्या."

"जावयाला इचारलंस का?"

काव्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आदी इचारून ये," गुरम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. घरात नवीन माणूस आणायचं तर विचारावं लागतं, एवढंच ती सांगत होती. "मी कुटं जानार हाय? हितंच हाय की."

काव्या पर्समधून फोन काढत बाहेर व्हरांड्यात गेली. काचेच्या दारातून ती सगळ्यांना दिसत होती. सुरुवातीला ती दोनचार वाक्यं बोलली. त्यानंतर ती फक्त ऐकत राहिली, फार वेळ, मान खाली घालून. पहिल्या रांगेत चिवड्याच्या बशा आल्या. सुंदरम्मानं आपली संपवून गुरम्माच्या बशीला हात घातला. वैजयंतीला वाटलं, आत्ता जाऊन तो फोन हिसकावून घ्यावा आणि विरेशला चार शब्द ऐकवावेत. पण तिचं त्या घरात आता काय होतं? सकाळी तिथून निघताना तिनं किल्लीसुद्धा काव्याच्या हातात दिली होती.

काव्या परत आली. तिचे डोळे लाल होते. ती काय म्हणणार याची गुरम्मानं वाटच बघितली नाही.

"जा तू," ती म्हणाली. "पोरगी शाळंतनं आली आसंल. कुलूप बगून दारात बसंल."

"मी उद्या येते. रोज येते," काव्या म्हणाली.

"ये की."

काव्या गेली. लोक पांगले. काहींनी वैजयंतीला 'छान झालं' म्हटलं, काहींनी बघूनही न बघितल्यासारखं केलं, त्यात तिची तीन पक्की गिऱ्हाइकं होती. ती वायर गुंडाळू लागली. गुरम्मा तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"तू आज कुटं निजनार?"

"दुकानात. सामान तिथंच टाकलंय."

"दाराला आतनं कडी हाय का?"

वैजयंतीचे हात थांबले. गाळ्याला शटर होतं. शटरला कुलूप बाहेरून लागतं. आतून लावायला काही नसतंच. इतकी वर्षं दुकान उघडून बंद करूनही ही गोष्ट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती, कारण तिच्यावर आत झोपायची वेळ कधी आलीच नव्हती.

"नाही," ती म्हणाली, आणि सकाळपासून धरून ठेवलेला तिचा धीर त्या एका शब्दाबरोबर सुटला. ती पायरीवर बसून हमसून रडायला लागली.

गुरम्मानं तिला रडू दिलं. मग सुंदरम्माला हाक मारून सांगितलं, "माजी जागा बघ गं आज." आपलं बोचकं काखेत मारलं, वैजयंतीच्या हातातली गुंडाळलेली वायर घेतली आणि म्हणाली, "चल. मी दारापाशी निजती."

दोघी सात रस्त्याकडं चालत निघाल्या.